उकाडा, वळीव आणि आगोट : मराठी ग्रीष्मवर्णनाची पूर्व विदर्भातील कसोटी

१

मराठीतील ऋतुवर्णनांचा अभ्यास करताना समीक्षकांचे लक्ष बहुधा वर्षाऋतूकडे वेधले जाते. ग्रीष्माकडे पाहिले जाते ते वर्षेची प्रस्तावना म्हणून. या प्रस्तावनेची मांडणीही ठरून गेलेली आहे. प्रथम उकाडा असह्य होतो, मग पश्चिमेकडे किंवा ईशान्येकडे ढग दाटतात, वारा सुटतो, वळीव कोसळतो, मातीचा वास दरवळतो आणि जीव सुखावतो. शालेय निबंधापासून प्रौढ ललित गद्यापर्यंत हा क्रम इतका रूढ झाला आहे की, तो मराठी उन्हाळ्याचा स्वाभाविक क्रमच होय असे वाचकाला वाटू लागते. तो कोणत्या प्रदेशात घडतो आणि कोणाच्या अनुभवातून आला आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न विचारण्यास चंद्रपूर व गडचिरोली हे वनप्रधान जिल्हे विशेष सोयीचे आहेत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून येथे प्राणहिता सिद्ध होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीस मिळते. मराठी व तिची झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी अशा अनेक भाषा येथे शेजारी नांदतात. महाराष्ट्रातील अत्यंत तप्त उन्हाळा येथलाच. मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंश सेल्सिअसच्या घरात असते आणि चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरी येथे ते ४५ अंशांपलीकडे गेले तर कोणास नवल वाटत नाही. मुंबईत त्याच महिन्यात हा आकडा ३३-३४ अंशांच्या आसपास राहतो. एकाच भाषेचा ‘उन्हाळा’ हा शब्द या दोन्ही अनुभवांना लावला जातो. तो दोन्हीकडे एकच अर्थ देतो काय, हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात उकाडा, वळीव आणि आगोट हे तीन शब्द घेतले आहेत. पहिला हवेचा, दुसरा पावसाचा आणि तिसरा सिद्धतेचा शब्द आहे.

आरंभी शब्दसंग्रहाच्या इतिहासाची एक बाजू ध्यानात घेतली पाहिजे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबई सरकारच्या आश्रयाने प्रसिद्ध झाला व त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. पहिल्या आवृत्तीच्या वेळी चांदा प्रांत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तो १८५४ मध्ये इंग्रजी अंमलाखाली आला, १८६१ पासून मध्यप्रांतात राहिला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. म्हणजे मराठीचे कोश, क्रमिक पुस्तके आणि मुद्रित गद्य यांची घडण ज्या शंभर-सव्वाशे वर्षांत झाली, त्या काळात हा प्रदेश मुंबई-पुण्याच्या शासकीय व शैक्षणिक वर्तुळाबाहेर होता. हवामानाची प्रमाण परिभाषा किनाऱ्याच्या व देशाच्या अनुभवावर उभी राहिली, यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. तथापि तिचा परिणाम आजही दिसतो. ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ या संज्ञा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला भूगोलात शिकाव्या लागतात. सिंदेवाहीच्या किंवा एटापल्लीच्या मुलाला त्या पाठ असतात. मात्र दुपारी त्याच्या घराच्या दारातून आत शिरणाऱ्या उष्ण वाऱ्यासाठी त्याच पुस्तकात तितकी ठसठशीत मराठी संज्ञा त्याला सापडत नाही. तो हिंदीतील ‘लू’ वापरतो, किंवा ‘झळ’ म्हणून काम भागवतो.

२

प्रथम ‘उकाडा’ हा शब्द घेऊ. तो ‘उकडणे’ या धातूपासून आला आहे आणि त्या धातूचा मूळ व्यवहार स्वयंपाकघरातला आहे. बटाटे उकडतात, अंडी उकडतात. उकडण्यास पाणी लागते, निदान वाफ तरी लागते. उलट भाजणे, पोळणे, करपणे, होरपळणे या क्रिया पाण्यावाचून, प्रत्यक्ष आचेने होतात. मराठी बोलणाऱ्याने उष्णतेचे दोन प्रकार पाकक्रियेच्या आधारे वेगळे केले आहेत, आणि हा भेद शास्त्रदृष्ट्या अचूक आहे. घाम सुकताना शरीरातील उष्णता बाहेर पडते. हवा कोरडी असेल तर घाम त्वरित सुकतो. हवेत बाष्प अधिक असेल तर तो अंगावर साचून राहतो आणि थर्मामीटरचा आकडा कमी असूनही जीव कासावीस होतो. भारतीय हवामानखात्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. उष्णतेची लाट ठरविताना मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असावे लागते, तर किनारी प्रदेशात ३७ अंशांचा विचार होतो. याखेरीज ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वाढलेले असावे लागते.

या दोन प्रकारच्या उष्णतांचे व्याकरणही भिन्न आहे. ‘आज फार उकडते’ या वाक्याला कर्ता नाही. उजाडते, सांजावते, मळमळते यांच्याप्रमाणेच ‘उकडते’ हे भावकर्तृक क्रियापद होय. क्रियेचा भाव हाच तिचा कर्ता असतो. ज्याला उकडते तो चतुर्थीत येतो : ‘मला उकडते’. दमट उष्णता चोहोकडून वेढून असते. ती कोठून आली हे दाखविता येत नाही, म्हणून तिच्यासाठी कर्ता शोधावासा वाटत नाही. कोरड्या उष्णतेची वाक्ये पाहिली म्हणजे फरक लक्षात येतो. ऊन भाजते, ऊन चटका देते, झळ लागते, ऊन लागते. येथे कर्ता स्पष्ट आहे, तो बाहेर उभा आहे आणि त्याला चुकविता येते. म्हणूनच पूर्व विदर्भातील माणूस डोक्याकानाला दुपट्टा गुंडाळतो, पहाटे रानात जातो, दुपारी दार ओढून घेतो. उकाड्याच्या प्रदेशातील माणूस नेमके उलट करतो. तो दारे-खिडक्या सताड उघडतो व वाऱ्याची वाट पाहतो.

उन्हाने होणाऱ्या आजारासाठी शासकीय मराठीत ‘उष्माघात’ हा शब्द रूढ आहे. सिरोंच्याच्या तेलुगूत त्याला ‘वडदेब्ब’ म्हणतात. त्यातील ‘देब्ब’ म्हणजे तडाखा. या दोन्ही शब्दांत आघाताची कल्पना आहे. लोकभाषेतील मराठी मात्र ‘ऊन लागले’ एवढेच म्हणते. या ‘लागणे’ क्रियापदाची सोबत पाहण्यासारखी आहे : नजर लागते, वारा लागतो, भूत लागते. आघात एका क्षणाचा असतो. लागलेली गोष्ट माणसाला चिकटून राहते व ती उतरवावी लागते. कैरीचे पन्हे, आंबील, खिशातील कांदा हे उपाय त्या उतरविण्याचे होत. त्यांचे वैद्यकीय मूल्य सारखे नाही. पन्हे व आंबील यांनी पाणी व क्षार मिळतात, खिशातल्या कांद्याने काही होत नाही. परंतु ‘ऊन लागणे’ ही हळूहळू भिनत जाणारी, सायंकाळी घरी परतल्यावरही वाढू शकणारी अवस्था आहे, ही समज ‘आघाता’च्या कल्पनेपेक्षा अधिक सावध आहे. शासकीय सूचनांत या जुन्या क्रियापदाला स्थान दिल्यास त्या सूचना अधिक नीट कळतील, असे म्हणण्यास हरकत नाही.

तेलुगूत दमट उष्णतेस ‘उक्क’ म्हणतात. ध्वनिसाम्य पाहून ‘उकाडा’ शब्दाचे मूळ तेथे शोधण्याचा मोह होईल; तो आवरला पाहिजे. मराठी शब्दाची उपपत्ती ‘उकडणे’ धातूवरून सरळ लागते. तेव्हा या साम्याला योगायोगापेक्षा अधिक किंमत देता येत नाही.

आता प्रश्न असा की, चंद्रपुरात उकाडा नसतोच काय? असतो, पण त्याची जागा वेगळी आहे. चैत्र-वैशाखात येथले ऊन भाजते. मेच्या उत्तरार्धात बंगालच्या उपसागराकडून बाष्प येऊ लागते. चंद्रपूरला अरबी समुद्रापेक्षा हा उपसागर बराच जवळ आहे, ही गोष्ट पश्चिमाभिमुख मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. तापलेल्या जमिनीवर हे बाष्प उंच चढते, दुपारनंतर गडगडाटी ढग तयार होतात, वादळ होते, सरी येतात. दुसऱ्या दिवशी तापमान ४०-४२ अंश असते आणि हवेत ओल असते. तेव्हा येथला माणूस म्हणतो, ‘उकडते’. किनाऱ्यावर उकाडा पावसाच्या आधी येतो आणि पाऊस त्याचा शेवट करतो. या अरण्यप्रदेशात पहिला पाऊसच पुष्कळदा उकाडा घेऊन येतो. रूढ वर्णनातील पहिल्या दोन पायऱ्यांचा क्रम येथे उलटा होतो. ‘वैशाखातील उकाडा’ हा प्रयोग मुंबईच्या संदर्भात यथार्थ आहे. वडसा किंवा ब्रह्मपुरी येथील कथेत तो आला तर लेखकाने प्रदेश पाहिला आहे काय, अशी शंका समीक्षकाने घेतली पाहिजे.

या दृष्टीने दुर्गाबाई भागवत यांच्या ‘ऋतुचक्रा’चे मूल्यमापन उद्बोधक ठरते. १९५६ साली, म्हणजे चांदा जिल्हा मुंबई राज्यात आला त्याच वर्षी, हे पुस्तक प्रसिद्ध झाले. बारा मराठी महिन्यांना वाहिलेल्या या लेखांनी ललित गद्याला नवी दृष्टी दिली. उन्हाळा हा पावसाची वाट पाहण्याचा रिकामा काळ न मानता फुलोऱ्याचा, पालवीचा, रंगांचा काळ म्हणून त्यांनी पाहिला. रूढ मांडणीतून मराठी ग्रीष्म बाहेर काढण्याचे हे मोठे कार्य होते. तरीही त्यातील पाहणारी दृष्टी मुख्यतः प्रेक्षकाची आहे. फूल दिसते, त्याचा रंग व गंध जाणवतो. ते वेचले जात नाही. लोकसाहित्याच्या आणि आदिवासी जीवनाच्या थोर अभ्यासक असलेल्या दुर्गाबाईंच्या बाबतीतही ललित गद्याच्या परंपरेचे हे बंधन कायम राहिले, यावरून परंपरेची पकड किती घट्ट असते हे कळून येते.

३

दुसरा शब्द ‘वळीव’. मोसमी पावसापूर्वी, दिवसाच्या उत्तरार्धात, वारा-विजांसह येणारा जोराचा पाऊस हा त्याचा अर्थ. देशावरच्या शेतकऱ्याला तो जमीन मऊ करून देतो, नांगरटीला व वखरणीला उपयोगी पडतो, जनावरांना चारा उगवतो. त्यामुळे या शब्दाला प्रसन्नतेची छटा आली. नागर साहित्याने ती उचलली व वाढविली. वळीव म्हणजे सुटका, असे समीकरण तयार झाले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात मार्च ते मे हा संकलनाचा काळ असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन माणसे झाडाखाली जातात आणि फुले वेचून अंगणात वाळत घालतात. या फुलात साखर भरपूर असते. कडक उन्हात ती चांगली वाळली तर वर्षभर टिकते, भिजली तर काळवंडते व आंबते. झाडाखालची जागा स्वच्छ व्हावी म्हणून पाचोळा पेटविण्याची चालही आहे आणि त्यातून कधी कधी रान पेटते. साहित्यातील ‘वैशाखवणवा’ ही बहुतांशी उपमा असते. येथे वणव्यामागे पुष्कळदा माणसाचा हात आणि त्याच्या पोटाची निकड असते.

मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. तो मोजक्या दिवसांचा असतो. झुडपे आधी छाटलेली असतात, त्यांना आलेली कोवळी, लवचिक पाने तोडून सत्तर पानांचे एक असे पुडके बांधतात. फळीवर, म्हणजे संकलनाच्या मोकळ्या जागेवर, ही पुडकी उन्हात ओळीने मांडतात, पालटतात आणि वाळल्यावर बोदांत भरतात. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आता पानांचा व्यवहार स्वतः करतात. त्यामुळे पानाच्या प्रतीची चिंता पूर्वी ठेकेदाराची होती, ती आता गावाची झाली आहे. अशा वेळी दुपारी ढग आले, गार पडली, तर झुडपावरचे पान फाटते. सर आली तर फळीवरचे पान डागाळते, बुरसते. या मजुरीवरच खरिपाच्या बियाण्याचा व घरखर्चाचा मेळ बसवावयाचा असतो. तेव्हा ज्या सरीने नागपूरच्या किंवा पुण्याच्या रहिवाशाला सुखद गारवा मिळाला, त्याच सरीने धानोऱ्याच्या एखाद्या कुटुंबाचा आठवड्याचा श्रम वाया गेलेला असतो. त्या वादळात वीज कोसळण्याचे भय असते, आणि पहाटेच्या अंधारात रानात शिरणाऱ्याला वाघ व अस्वल यांचेही भय असतेच.

या प्रदेशात अशा पावसाला ‘वळीव’ म्हणण्यापेक्षा ‘अवकाळी’ म्हणण्याकडे अधिक कल दिसतो. ‘अवकाळी’ या शब्दात पावसाला काळ चुकल्याचा दोष दिलेला आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरच्या, मेअखेरच्या नऊ दिवसांना विदर्भात ‘नवतपा’ म्हणतात. हे दिवस चांगले तापले तर पाऊसकाळ चांगला होतो व त्या दिवसांत पाऊस पडला तर पुढे ओढ बसते, अशी लोकसमजूत आहे. ती हवामानशास्त्राच्या कसोटीस उतरेल असे नाही. परंतु समीक्षेच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, येथे तापणे हे इष्ट मानले आहे. ऊन हे शत्रू असते तसे भांडवलही असते. ज्या लोकमानसाने नऊ दिवसांच्या तापाला ‘तप’ या धातूतून नाव दिले, त्याला मेमधील सरीत सुटका दिसणार नाही.

तथापि हा भेद किनारा विरुद्ध अरण्य असा मांडणे चुकीचे होईल. रत्नागिरी किंवा रायगडच्या बागायतदाराला विचारले तर तोही मेमधील वादळी सरीचे स्वागत करणार नाही. आंबा उतरावयाचा असतो, मासळी वाळत असते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या व आंब्याच्या बागा उन्मळून पडल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची झाडे एका दुपारी गेली. म्हणून खरी विभागणी प्रदेशाची नाही. ज्याचे धन उघड्या आकाशाखाली पडलेले आहे आणि ज्याचे धन छपराखाली आहे, अशा दोघांची ती विभागणी आहे. वळवाचा आनंद हा दुसऱ्याचा आनंद होय. मराठी ललित वाङ्मय बहुतांशी या दुसऱ्या वर्गाने लिहिले, वाचले आणि वाखाणले. म्हणून त्याचा आनंद हा मराठी उन्हाळ्याचा सर्वमान्य उत्कर्षबिंदू ठरला. समीक्षेने या आनंदाला खोटे म्हणण्याचे कारण नाही. तो कोणाचा आहे एवढे तिने सांगावे.

परंपरेच्या अगदी मुळाशी गेले तर वेगळे चित्र दिसते. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’चा आरंभच ग्रीष्माने होतो. त्यातील ग्रीष्म कोरडा आहे. तेथे दावाग्नी आहे, पाण्यासाठी तळमळणारे प्राणी आहेत. तो मध्य भारताचा उन्हाळा होय, आणि ताडोब्याच्या रानाला तो मुंबईच्या उन्हाळ्यापेक्षा जवळचा आहे. त्याहून महत्त्वाची साक्ष ‘गाथासप्तशती’ची आहे. महाराष्ट्री प्राकृतातील या संग्रहात गोदावरीकाठच्या एका मोहाच्या झाडाला, तुझी फुले सावकाश गळू दे, अशी विनवणी केलेली आढळते. तिचा आशय शृंगारिक आहे. फुले वेचावयाची असतील तोवर नदीकाठच्या त्या झाडीत जाण्याला निमित्त राहते. पण या शृंगाराला आधार आहे तो कामाचा. मोह वेचणे हे त्या काळीही उन्हाळ्याचे नित्यकर्म होते म्हणूनच हे निमित्त वाचकाला पटते. ज्या गोदावरीकाठी आज सिरोंचा वसले आहे, त्याच नदीच्या काठच्या प्राचीन कवितेत ग्रीष्म हा श्रमाचा व संकलनाचा ऋतू म्हणून आलेला आहे. पुढील मराठीने या धाग्याकडे दुर्लक्ष केले. तेव्हा मोह-तेंदूच्या उन्हाळ्यावर लिहिणारा आजचा लेखक परंपरेबाहेरचा ठरत नाही. तो तिच्या एका जुन्या शाखेला पुन्हा पाणी घालीत असतो.

४

तिसरा शब्द ‘आगोट’. तो कोकणचा आहे आणि घाटावरच्या वाचकालाही तो कित्येकदा समजावून द्यावा लागतो. पावसाळ्याचे तोंड व त्यासाठी करावयाची साठवण, हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. आगोटीपूर्वी घर शाकारावे लागते, सरपण आत घ्यावे लागते, सुकी मासळी, आमसुले, पापड, मीठ-मिरची भरून ठेवावी लागते. समुद्र बंद होतो, होड्या ओढून किनाऱ्यावर घेतल्या जातात. महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै या काळात कायद्यानेही बंदी असते. कोकणातील उन्हाळ्याला या शब्दामुळे एक मुदत प्राप्त होते. उन्हाळा म्हणजे दारे बंद होण्यापूर्वीचा काळ.

हा किनारी शब्द भामरागडच्या अरण्यात नेऊन पाहिला असता तो आश्चर्यकारक रीतीने जुळतो. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावाचा संपर्क पुराने तुटल्याच्या नोंदी अनेक पावसाळ्यांत आढळतात. १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या काळात पावसाळ्याचे महिने बाह्य जगापासून तुटून काढावे लागत, हे प्रकाश आमटे यांच्या ‘प्रकाशवाटा’ या आत्मकथनातून महाराष्ट्राला माहीत झाले आहे. दुर्गम गावांसाठी पावसाळ्यातील महिन्यांचे धान्य आधीच पोचवून ठेवण्याची शासकीय प्रथा आहे. घरोघरही तेच चालते. कवेलू फेरले जातात, लाकूडफाटा आत येतो, वाळलेला मोह व चिंच भरून ठेवली जाते, तेंदूच्या मजुरीतून मीठ, तेल व बी-बियाणे घेतले जाते. मृग लागताच धानाचे पऱ्हे टाकावयाचे, किंवा बी फेकून आवत्या करावयाचा. कोकणात समुद्र मिटतो, येथे नद्या वाटा मिटवितात. दोन्हीकडे उन्हाळा मुदतीने बांधलेला आहे.

येथे तीन शब्दांच्या परीक्षेचा निष्कर्ष एकत्र पाहता येतो. ‘उकाडा’ हा हवेचा शब्द. तो किनाऱ्याहून अरण्यात आला की जागा बदलतो. ‘वळीव’ हा पावसाचा शब्द. त्याची प्रसन्न छटा तेथे टिकत नाही. आणि ती किनाऱ्यावरही सर्वांची नव्हती असे कळून येते. ‘आगोट’ हा कामाचा शब्द. तो शेकडो किलोमीटर ओलांडूनही अर्थाने शाबूत राहतो, जरी त्या अरण्यात कोणी तो उच्चारीत नसले तरी. याचा अर्थ असा की, ऋतूची खरी ओळख हवेपेक्षा कामावरून पटते. हवेच्या वर्णनाने प्रदेश परस्परांना परके होतात. कामाच्या वर्णनाने त्यांचे नाते जुळते. श्रीवर्धनच्या कोळणीला भामरागडच्या माडिया स्त्रीची वैशाखातील लगबग समजावून सांगावी लागणार नाही.

५

समीक्षेला या निष्कर्षाचा उपयोग दोन ठिकाणी होऊ शकेल.

पहिला उपयोग अरण्यलेखनाच्या मूल्यमापनात. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांध, नागझिरा आणि मेळघाट येथील रानांत दीर्घकाळ काढला. नवेगावबांध व नागझिरा हे या दोन जिल्ह्यांच्या शेजारचेच अरण्य होय. झाडे, पक्षी, प्राणी यांची स्थानिक नावे त्यांनी मराठीत आणली आणि पुढे त्यांचे कोशही रचले. मराठीच्या नामसंपत्तीत त्यांनी घातलेली भर मोठी आहे. त्यांच्या मागून येणाऱ्या लेखकाने आता क्रियापदांकडे वळावयास हवे. वनाधिकाऱ्याच्या व वनपर्यटकाच्या दृष्टीला उन्हाळा हा पाणवठ्याचा ऋतू असतो. पाणी आटते, प्राणी पाणवठ्यावर येतात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून त्यांची गणना होते. हे चित्र खरे व सुंदर आहे. परंतु त्याच आठवड्यात त्याच रानात पान तोडणारी माणसे वाकलेली असतात, आणि ती या चित्राच्या चौकटीत क्वचितच येतात. वेचणे, वाळविणे, पालटणे, बांधणे, भरणे ही क्रियापदे ज्या गद्यात येतील, त्या गद्यात उन्हाळ्याचे वर्णन पूर्ण होईल.

दुसरा उपयोग बोलीतील नव्या लेखनाच्या परीक्षणात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाचा व शब्दसंग्रहाचा पाया घातला. त्यानंतर या बोलीतून कविता, कथा लिहिल्या जाऊ लागल्या. झाडीबोलीत प्रमाण मराठीतील ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. ‘डोळा’ तेथे ‘डोरा’ असतो. अशी ध्वनिवैशिष्ट्ये परीक्षकांच्या चटकन लक्षात येतात व बोलीलेखनाचे कौतुक बहुधा तेथेच थांबते. अर्थवैशिष्ट्ये त्याहून खोल असतात. या प्रदेशातील एखाद्या कवितेत मेमधील सर आली आणि मन प्रसन्न झाले नाही, तर रूढ मांडणीच्या सवयीने ती रूक्ष किंवा अपुरी वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्या सरीखाली अंगणात काय वाळत पडले होते, हे परीक्षकाला ठाऊक नसते. ज्या वाचकाला ते ठाऊक आहे त्याला ती ओळ पुरेशी असते.

हीच गोष्ट कोशकारांनाही लागू आहे. ‘अवकाळी’, ‘नवतपा’, ‘फळी’, ‘पुडके’, ‘बोद’, ‘पऱ्हे’ यांसारख्या शब्दांना केवळ प्रतिशब्द देऊन भागणार नाही. तो शब्द कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाच्या संदर्भात, कोणाच्या तोंडी येतो याची नोंद झाली पाहिजे. वनहक्क, बाजार आणि हवामान या तिन्हींत झपाट्याने बदल होत असलेल्या काळात ही नोंद लांबणीवर टाकणे परवडणारे नाही. काम थांबले की त्याचे क्रियापद एका पिढीत विसरले जाते. कोशात उरलेले नाम मग वाचणाऱ्याला काहीच सांगू शकत नाही.

मराठीच्या ग्रीष्मवर्णनात उकाडा आणि वळीव यांना पुष्कळ जागा मिळाली आहे. आगोटीला ती मिळाली नाही, कारण तिच्यात प्रसन्न करणारे काही नाही. केवळ लगबग आणि काळजी आहे. परंतु कोकणच्या किनाऱ्यापासून इंद्रावतीच्या काठापर्यंत मराठी मुलखातील असंख्य माणसांचा उन्हाळा याच लगबगीने भरलेला आहे, आणि वर्णनाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.